तात्पुरती चावी

पन्नाशी उलटली, केस पिकले, जिना चढताना गुडघे कुरकुरायला लागले, तरी ती घरच्यांच्या तोंडी धाकटीच राहिली. घरचे म्हणजे तरी कोण, उरली होती एक थोरली बहीण. आई गेल्यावर या ताईनेच तिला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोहोचवलं, परीक्षा असली की फाटकाबाहेरच्या बाकावर बसून राहिली. तेव्हा धाकटी म्हणायचा हक्क ताईचा, आणि तो तिने काही सोडला नाही. आपणही धाकटीच म्हणू. ऑफिसात तिला मॅडम म्हणत, पण त्यात काही अर्थ नाही. काम गळ्यात मारायचं असलं की माणसं कुणालाही मॅडम म्हणतात.

ऑफिस म्हणजे रक्तपेढी. शीतपेट्यांच्या शेजारी एक अरुंद खोली, तिथे कॉम्प्युटर विभाग. दिवसभर भिंतीपलीकडून घरघर यायची आणि धाकटीला ती आता ऐकूही येत नसे. विभागात नावाला तिघं. बाकीच्या दोघांची धाव प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढण्यापर्यंत. रक्ताचा साठा, रक्तदात्यांची माहिती, तपासण्यांचे अहवाल, इथलं आणि बाकीच्या शाखांचं, सगळं चालतं ठेवायचं ते धाकटीने.

त्या वर्षी वरून ठरलं की रक्तपेढी रुग्णालयांशी थेट जोडायची. कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, तपासणीत काय निघालं, हे रुग्णालयाला फोन न करता दिसायला हवं. हे सगळं जायचं होतं एका बाहेरच्या कंपनीच्या गेटवेतून. गेटवे म्हणजे सरळ बोलायचं तर फाटक. कोण आलंय, खरंच तोच आहे का, हे बघून आत सोडणार. त्या कंपनीतला एक गृहस्थ फोनवर बोलायचा, तिने मनातल्या मनात त्याचं नाव फाटकवाला ठेवून टाकलं.

"तुमची ओळख आम्ही कशी पटवायची ते कळवा," फाटकवाला म्हणाला. "चावी, टोकन किंवा सर्टिफिकेट. या आठवड्यात निवडलंत तर बरं."

चावी म्हणजे अक्षरांची आणि आकड्यांची एक लांबलचक ओळ. ती दाखवली की फाटक उघडतं, दाखवणारा कोण ते कुणी विचारत नाही. टोकन म्हणजे थोडा वेळ चालणारा पास, पण तो मिळवायलाही एक गुपित शब्द जवळ ठेवावाच लागतो. आणि सर्टिफिकेट म्हणजे दोन्ही बाजूंनी एकमेकांना ओळखपत्र दाखवायचं. त्याचा खरा भाग एकाच मशीनच्या पोटात बंद, तो उचलून दुसरीकडे नेता येत नाही. चावीचं काम एका दुपारचं. सर्टिफिकेटला मात्र अर्ज, पडताळणी, चाचण्या, पुन्हा पडताळणी. महिना तरी हवा.

आणि घोडं अडलं ते या महिन्यापाशीच. ताईच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. एका डोळ्याने अंधुक, दुसऱ्याने तर नुसता धूर. ऑपरेशनची तारीख मिळाली होती पुढच्याच आठवड्यातली. डॉक्टर तिच्या गावी क्वचित येत, ही तारीख गेली की पुढची कधी ते देव जाणे. ताई एकटी राहायची, आणि डोळ्यावर चाकू चालणार म्हटल्यावर तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"तू येशील ना गं?" तिने फोनवर विचारलं होतं. तिने आयुष्यात धाकटीकडे मागितलं असेल तर एवढंच.

"येणार म्हणजे येणार," धाकटी म्हणाली होती.

साहेबांना तिने रजेचं सांगितलं. साहेब माणूस वाईट नव्हता. नुसता घाईत असायचा, जन्मतःच घाईत असावा. "अहो, मग चावी घ्या आणि मोकळ्या व्हा," तो म्हणाला. "सोमवारी चालू करा, मंगळवारी बहिणीकडे जा. उगाच डोक्याला ताप कशाला?"

जीव अगदी हो म्हणायला टेकला होता. पण धाकटीला हे ऑफिस माहीत होतं. इथे पासवर्ड ही लपवायची गोष्टच नव्हती. या टेबलावरून त्या टेबलावर मोठ्याने विचारायचे आणि मोठ्याने सांगायचे. कुणी कुरबुर केली की उत्तर ठरलेलं, "आपलीच माणसं आहेत." एकदा गाडीच्या ड्रायव्हरला सारखं विचारायला नको म्हणून कुणीतरी प्रेमाने साठ्याचा पासवर्ड देऊन टाकला. त्यात साठा होता तसे अहवालही होते. ड्रायव्हरने कुणाला तरी सहज दाखवलं, आणि एका रक्तदात्याचा आजार त्याला स्वतःला कळायच्या आधी त्याच्या सासुरवाडीला कळला. तो माणूस धाकटीच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला होता. भांडला नाही, ओरडला नाही. एवढंच म्हणाला, "मला आधी सांगायचं होतंत हो."

या ऑफिसात चावी दोन दिवस टिकली नसती. टोकनच्या गुपित शब्दाचीही तीच गत. कुणाला देताच येणार नाही अशी एकच गोष्ट होती, सर्टिफिकेट.

तिने फाटकवाल्याला सर्टिफिकेट कळवलं. 'जबाबदार व्यक्ती' विचारली तिथे स्वतःचं नाव आणि नंबर दिला, कारण द्यायला दुसरं कुणी नव्हतं. मग ताईला फोन केला.

"काम निघालंय गं. महिनाभर हलता येत नाही."

ताई म्हणाली, "असू दे. शेजारीण आहे. तू जेवतेस ना वेळेवर?"

ओरडली असती तर बरं झालं असतं. फोन ठेवून धाकटी भिंतीकडे तोंड करून बसली आणि रडली, चांगली हुंदके देऊन रडली. शीतपेट्यांच्या घरघरीत कुणाला ऐकू गेलं नाही.

पुढचा महिना कसा गेला विचारू नका. अर्ज परत आला, कारण पत्त्यात रक्तपेढीचं जुनं नाव. नवीन नाव घालून पाठवला तर मशीनचं घड्याळ मागे पडतंय म्हणून चाचणी नापास. घड्याळ लावलं, तर फाटकवाला रजेवर. त्यालाही बहीण असेल, धाकटीच्या मनात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला. ताईचं ऑपरेशन झालं त्या दिवशी ती कॉम्प्युटरवर चुकांची लाल अक्षरं वाचत होती आणि एका कानाने फोनवर शेजारणीकडून ऐकत होती, की सगळं नीट झालं, पट्टी उद्या काढतील, थेंब मी घालीन, तुम्ही काळजी करू नका. डोळे चुरचुरत होते. खांदे तर असे भरून आले होते की हात वर करून केस बांधायचाही कंटाळा. साहेब येता-जाता विचारायचा, "झालं का?" आणि उत्तर ऐकायला थांबायचा नाही.

शेवटी एकदाची जोडणी उभी राहिली. चालू करायच्या दिवशी सकाळी तिने फाटकवाल्याला फोन लावला. "आजपासून आमची माहिती यायला लागेल. जरा लक्ष ठेवा."

"आजपासून?" तो म्हणाला. "मॅडम, तुमची माहिती तर केव्हाची येतेय."

"कशी येईल?"

"चावीवर. तुमच्या साहेबांनी चाचणीसाठी म्हणून मागितली होती ना, तुम्ही सर्टिफिकेट कळवलंत त्याच आठवड्यात. तुमच्या सगळ्या शाखा तीच वापरताहेत."

धाकटी साहेबांच्या खोलीत गेली. बसली नाही.

"अहो, तात्पुरती घेतली," साहेब म्हणाला. "रुग्णालयांचे फोनवर फोन येत होते. लोकांना रक्त पाहिजे मॅडम, तुमचं सर्टिफिकेट नकोय."

"शाखांना कशी दिलीत?"

"ग्रुपवर टाकली. आपलीच माणसं आहेत."

त्या ग्रुपवर धाकटी नव्हती, पण नोकरी सोडून गेलेले होते, गाड्यांचे ड्रायव्हर होते, शीतपेट्या दुरुस्त करणारा होता, आणि कुणाकुणाला घेतलं होतं ते ग्रुप काढणाऱ्यालाही आठवलं नसतं.

"मला सांगायचं तरी," ती म्हणाली. "मी गेले असते हो. चावीच चालवायची होती, तर मी बहिणीकडे गेले असते."

"तुम्ही इतकं मनावर घेतलं होतंत," साहेब म्हणाला, आणि पहिल्यांदाच घाईत दिसला नाही. "म्हटलं, तुमचं चालू दे."

रुग्णालयांचे फोन येत होते हे खोटं नव्हतं. ती जाग्यावर आली, मुख्य मशीन सर्टिफिकेटवर चालू केलं, एकेका शाखेला फोन करून त्यांची माहिती तिकडून वळवली. प्रत्येक शाखेचा एकच सवाल: चांगलं चाललं होतं की, कशाला हात लावता? शेवटची शाखा वळली तशी तिने फाटकवाल्याला सांगितलं, "ती चावी बंद करा."

"साहेबांना विचारलंत?"

"जबाबदार व्यक्ती म्हणून कुणाचं नाव आहे तुमच्याकडे?"

"तुमचं."

"मग बंद करा."

या महिन्यात त्या चावीने कोण कोण आत येऊन काय पाहून गेलं, ते कळायला मार्ग नव्हता. तिने रजेचा अर्ज साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि सरळ बस पकडली. बसमध्ये खिडकीला डोकं टेकवलं तर झोपही लागेना.

दार ताईनेच उघडलं. काठी नाही, चाचपडणं नाही. डोळा लख्ख. ती उंबऱ्यातच उभी राहून धाकटीकडे बघत राहिली, इतका वेळ की धाकटीला कानकोंडं झालं.

"अगं, आत तरी घे मला."

ताईने तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवला. गेली कित्येक वर्षं तिला ही धाकटी नुसती आवाजाने ठाऊक होती. डोळ्यांसमोर चेहरा होता तो धूर पसरायच्या आधीचा.

"किती थकलीस गं तू," ती म्हणाली. "मला कुणी सांगितलंच नाही."