भरती की ओहोटी

रंगात घालायचा सरस उकळला, की त्या वासासरशी संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली एक दुपार आठवते. गिरगावातली आमची अख्खी चाळ मोर्चाला गेली होती आणि मी एकटाच नाटकाच्या पडद्यावर खडकाळ किनारा, होड्या आणि समुद्र रंगवत होतो. तीन दिवस झाले तरी ते नुसतं निळं फडकंच वाटत होतं. शेवटी सगळं पुसून टाकायला मी चुन्याची बादली उचलली. तेवढ्यात रोजची कोळीण दारात टोपली उतरवून पडद्याकडे बघत राहिली. "ही भरती हाय का ओहोटी?" तिने विचारलं. "का गं मावशी?" "ओहोटी असंल तर होड्या खडकावर बसतील रं! खोलात ने त्यांना." मी बादली खाली ठेवली आणि होड्या खोल पाण्यात नेल्या. आजही एकट्याने रंगवताना धीर सुटला, की आधी होड्या सुखरूप आहेत ना, तेवढं बघतो.