अपोलोनियाबाईंनी बसवलेला हात

कालिना शाफ्रानेकच्या मैफलीच्या पत्रिकेत तिची ओळख छापलेली असते. ती वयाच्या अकराव्या वर्षापासून सुरू होते: पोझ्नान, प्रोफेसर ओल्शेविच यांच्याकडे शिक्षण. त्याआधीची पाच वर्षं तिथे नाहीत. आमच्या गावच्या संगीतशाळेच्या कचेरीत मी सव्वीस वर्षं काम केलं. ती पाच वर्षं माझ्या वह्यांत तारखेनिशी आहेत, म्हणून लिहिते.

अपोलोनिया द्रव्हेंत्स्का १९४६ साली शाळेत रुजू झाल्या. त्यांचं पियानोचं शिक्षण पोझ्नानलाच चाललं होतं, युद्धामुळे ते अर्ध्यावर सुटलं. युद्धाची वर्षं साखर कारखान्यात गार पाण्यात बीट धुण्यात गेली. तेव्हापासून त्यांच्या बोटांचे सांधे सुजलेलेच राहिले. दहा मिनिटं वाजवलं की त्या दोन्ही हात मांडीवर ठेवून द्यायच्या, पिशव्या खाली ठेवाव्यात तसे. आठवड्याला बावीस मुलं, शिवाय रोज चार वाजता लहानांच्या तालाच्या वर्गाला साथ. बावीसपैकी वीस जणांना पियानो नको असे, त्यांच्या आयांना हवा असे. संध्याकाळी त्या माझ्या खोलीत येऊन टेबलावर डोकं टेकून बसत. मी चहा करायचे. कधी कधी तो निवून जायचा.

कालिना सहा वर्षांची असताना आली. वडील साखर कारखान्यात बॉयलरवर. पहिल्या महिन्यातच अपोलोनियाबाई म्हणाल्या, "सेवेरिनाबाई, या मुलीला कान आहेत. मला आता झोप लागणार नाही."

"एरवी कुठे लागते?"

"एरवी थकल्यामुळे लागत नाही. हे वेगळं."

शोपँचा मझुर्का, म्हणजे आमच्या पोलिश खेडुतांच्या तीन ठेक्यांच्या नाचावरची रचना, शिकवायची त्यांची एक रीत होती. आधी पियानो बंद. मुलीच्या हातात कोळशाची अर्धी भरलेली बादली द्यायची आणि खोलीभर चालायला लावायचं.

"तिसऱ्या पावलाला बादली काय करते?"

"खाली ओढते, बाई."

"मग तू पडतेस का?"

"नाही. जरा थांबते आणि पुढे जाते."

"तेवढंच थांबायचं. त्याहून जास्त थांबलीस तर तो शहरी माणसाचा मझुर्का होईल."

आमच्या कुयावी भागातल्या बायका शेतातून तशाच चालत येतात. कालिनाचा मझुर्का ऐकून कारखान्याचा रखवालदारसुद्धा म्हणाला होता, "ही आमच्या गल्लीतलीच दिसते."

चूक झाली ती १९६० साली. शोपँच्या जन्माला दीडशे वर्षं झाली होती आणि प्रत्येक शाळेला जिल्ह्याच्या समारंभात काहीतरी मोठं सादर करायचं होतं. मुख्याध्यापकांनी शोपँचा बॅलड मागितला, मोठ्या वादकांनी वाजवायची लांब, अवघड रचना. कालिना दहा वर्षांची. तिच्या पंजात आठ पट्ट्या जेमतेम मावत. अपोलोनियाबाईंनी नाही म्हणायला हवं होतं. पण चौदा वर्षांत अशी एकच मुलगी मिळाली होती, आणि तो बॅलड त्या स्वतः कधीच पुरा वाजवू शकल्या नव्हत्या. त्यांनी पेन्सिलीने पानापानावर बोटांचे नवे आकडे लिहिले आणि जिथे पंजा पुरेना तिथे सांगितलं, "मनगट घट्ट धर, पोरी. लाकूड कर त्याचं." मुलीने केलं. टाळ्या थांबेनात. मुख्याध्यापकांनी बाईंच्या हाताचं चुंबन घेतलं.

१२ जून १९६१, सोमवार. पोझ्नानच्या संगीत विद्यालयाची प्रवेशपरीक्षा होती. शाळेची कागदपत्रं घेऊन मला जावं लागलं. आम्ही चौघं पहाटेच्या गाडीने गेलो: कालिना, तिचे वडील, अपोलोनियाबाई आणि मी. जागा एकच होती. शिक्षकांनी बाहेर थांबायचं असा नियम होता, म्हणून बाई व्हरांड्यात बसल्या. मी कागद घेऊन आत, दाराशी उभी.

ओल्शेविच बुटके होते, खोकत होते, त्यांच्यापुढचं त्या दिवशीचं हे तिसावं पोर असावं. मझुर्का ऐकून त्यांनी मान वर केली.

"हा कुणी शिकवला?"

"आमच्या बाईंनी. बादली घेऊन."

"बादली!" ते हसले. "बरं. पुढचं."

मग बॅलड झाला. मध्येच ते उठले, मुलीचा हात कोपरापासून वर उचलला आणि सोडून दिला. मोकळा हात धपकन पडायला हवा. कालिनाचा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी दुसरा उचलला. तोही राहिला.

"हे कुणी शिकवलं?"

मुलीने माझ्याकडे बघितलं, मग जमिनीकडे. "माझं मीच. घरी."

"घरी पियानो आहे?"

"नाही."

"मग?"

"मीच," ती म्हणाली.

त्यांनी उसासा टाकला आणि वहीत काहीतरी लिहिलं. "कान चांगले आहेत. पण स्वतःच्या हट्टाने लावून घेतलेली खोड मला काढता येत नाही. अशी तीन मुलं मी घेतली आणि तिन्ही परत पाठवली. जा, बाळ."

व्हरांड्यात वडील उकडलेलं अंडं सोलत होते. मी सांगितलं तसं अंडं त्यांच्या हातातच राहिलं. अपोलोनियाबाईंनी एकदाच विचारलं, "मीच, असं म्हणाली?" मग बॅलडचं पुस्तक घेऊन त्या उठल्या. दारावरची बाई ओरडली, "अहो, शिक्षकांना आत मनाई आहे! वाचता येत नाही का?"

"येतं," असं म्हणत त्या आत गेल्या.

मी मागोमाग होते. त्यांनी पुस्तक ओल्शेविचांपुढे उघडून धरलं. "हे आकडे माझे आहेत. अक्षर माझं, तारखा माझ्या. मनगटाचं लाकूड मी करायला लावलं. मुलगी खोटं बोलते आहे."

ओल्शेविचांनी चार पानं उलटली. "पंजा पुरत नव्हता हे दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"मला ऐकायचा होता," बाई म्हणाल्या.

ओल्शेविचांनी पुस्तक मिटलं. मग कालिनाकडे वळले. "बाईंनी सांगितलं म्हणून केलंस?" तिने रडत होकाराची मान हलवली. "म्हणजे सांगितलेलं ऐकतेस. मग मी सांगेन तेही ऐकशील." त्यांनी वहीतली ओळ खोडली. "वर्षभर एकही रचना नाही. एक सूर, हात पाडायचा, पुन्हा एक सूर. आणि बाई, तुम्ही हिला पुन्हा पियानोवर बसवायचं नाही. सुट्टीतही नाही. कधीच नाही. कबूल?"

"कबूल."

परतीच्या गाडीत बाप-लेक झोपले. बाई खिडकीशी जाग्या होत्या. मी म्हटलं, "मिळालं ना शेवटी." त्या म्हणाल्या, "तिला मिळालं. पाठ फार दुखते हो, सेवेरिनाबाई."

पोझ्नानहून शाळेकडे त्या बिघडवलेल्या हाताचा अहवाल आला. सप्टेंबरपासून बाईंकडे तालाच्या वर्गाची साथ आणि पहिलीची मुलं एवढंच राहिलं. तो आदेश मीच टाइप केला. त्यांनी सही केली आणि पेनाची शाई संपत आल्याचं सांगितलं.

पुढच्या उन्हाळ्यात, ९ जुलैला, कालिना सुट्टीवर आली. शाळेत आम्ही दोघीच झुडपांवरची आंबट लाल फळं देठं काढून बरणीत भरत होतो. ती दारातच म्हणाली, "बाई, मला परवापासून एक नॉक्टर्न दिलाय. नुसता ऐका. काही शिकवू नका."

"नाही."

"पाच मिनिटं!"

"देठं काढ. हात धुऊन ये आधी."

तिने तासभर देठं काढली, पोझ्नानच्या वसतिगृहातल्या बेचव सुपाची नक्कल करून दाखवली. आम्ही हसलो. ती गेल्यावर मी रागावले. "नुसतं ऐकायला काय हरकत होती? ओल्शेविच काय भिंतीला कान लावून बसलेत?"

अपोलोनियाबाईंनी बरणीचं झाकण लावलं. दुखऱ्या बोटांनी ते नीट लागेना, मी लावून दिलं.

"ऐकलं की मी बोलणार," त्या म्हणाल्या. "आणि मी बोलले की ती ऐकणार."

चार वाजत आले होते. खाली सुट्टीतही चालणाऱ्या तालाच्या वर्गाची मुलं बूट काढत होती. त्या उठल्या, कठड्याला धरून एकेक पायरी उतरत गेल्या, आणि थोड्या वेळाने मुलांच्या उड्यांसाठी पियानोवर रोजच्याच त्या आठ ओळी सुरू झाल्या.