फाटकाबाहेर न जाणारे मारोतभाऊ

काचेत पाण्याची रेघ दिसत नव्हती, आणि मारोतभाऊ फोनवर सांगत होते, "फुल आहे. पाणी कमी करा."

मी त्यांच्या शेजारीच उभा होतो. नागपूरजवळच्या एका वीज केंद्रात मी उन्हाळ्याच्या सुट्टीत ट्रेनिंगला आलो होतो. डिप्लोमाचं शेवटचं वर्ष बाकी होतं. वडील कुहीकडे धान पिकवतात. आमच्या घरातून कॉलेजात जाणारा मी पहिलाच, त्यामुळे मोठ्या माणसाला 'तुमचं चुकतंय' म्हणायची सवय मला नाही. तरीही त्या दुपारी ते म्हणावं लागलं. ते कसं घडलं हे जमेल तसं लिहितो.

आधी काचेचं सांगतो. बॉयलरच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लांबोडकी लोखंडी टाकी असते, तिला ड्रम म्हणतात. आत उकळतं पाणी आणि वाफ. बाजूला एक जाड काच बसवलेली असते, तिच्यात पाण्याची रेघ दिसते. रेघ मध्यावर असली की सगळं ठीक. ती खाली गेली आणि पाणी संपलं, तर भट्टीतल्या पाण्याच्या नळ्या कोरड्या तापून लाल होतात आणि फुटतात. जवळ असलेला माणूस वाचत नाही. मात्र पूर्ण भरलेली काच आणि पूर्ण रिकामी काच दिसायला सारखीच असते. दोन्हींत रेघच नसते. पहिल्या आठवड्यात मला शिकवलेली ही पहिली गोष्ट.

त्या आठवड्यात कंट्रोल रूममधला पाण्याचा काटा बिघडला होता. त्यामुळे ड्रमजवळ एक माणूस बसवायचा आणि त्यानं काच बघून फोनवर सांगायचं, असं चाललं होतं. मारोतभाऊ जुने, भरवशाचे. शिवाय ते कधीही हजर असायचे. कोणाच्या पोरीचं लग्न असो की कोणाला मेडिकल हॉस्पिटलला जायचं असो, मारोतभाऊ त्याची ड्यूटी घ्यायचे. आपली झाली की दुसऱ्याची. "घरी बायको हाकलते का गा?" असं म्हणून सगळे हसत आणि सुट्टी घेऊन मोकळे होत.

तो पगाराचा दिवस होता. ड्रमच्या मजल्यावर भिंतीचा एक पत्रा निघालेला होता, तिथून खाली फाटक दिसे. फाटकासमोर चहाची टपरी. मारोतभाऊंची नजर मघापासून तिकडेच होती. मी मात्र काच बघत होतो. थोड्या वेळापूर्वी रेघ तळाशी होती, आणि आता नव्हती. इतक्यात काच भरेल कशी?

"मारोतभाऊ, खालचा ड्रेन उघडून पाहू का?" मी विचारलं. काचेखालचा हा छोटा कॉक उघडून बंद केला की, भरलेली असेल तर पाणी परत वर चढतं. रिकामी असेल तर काहीच चढत नाही.

"मले शिकवून राहिला का तू?"

"नाही जी. पण रेघ खाली होती."

"मी म्हणतो ना फुल आहे!" ते ओरडले, पण ओरडतानाही त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. नजर फाटकावरच.

ट्रेनीनं कशालाही हात लावायचा नाही असा नियम होता. खाली पळून जावं असंच वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पाय हलेनात, म्हणून मी फोन उचलला. पलीकडे शिफ्ट इंजिनिअर कोलते साहेब होते.

"साहेब, काच रिकामी असावी. मला नक्की नाही."

"नक्की नाही म्हणजे? बॉयलर बंद केला तर अर्ध्या गावाची लाईट जाईल. समजतं का?"

"हो साहेब. तरी मला वाटतं रिकामी आहे."

मग त्यांचा आवाज आला, पण तो माझ्यासाठी नव्हता. "फायर ट्रिप करा! पाणी सोडू नका!"

पाणी का नाही, तर लाल झालेल्या नळ्यांवर गार पाणी पडलं की त्याच क्षणी सगळं उडतं. विस्तव विझवायचा आणि वाट बघायची, एवढंच हातात असतं. खालची घरघर थांबली. तापलेलं लोखंड कडकड वाजत आकसू लागलं. प्रत्येक आवाजाला वाटे, हाच शेवटचा.

कोलते साहेब धापा टाकत वर आले आणि त्यांनी स्वतः ड्रेन उघडून बंद केला. काचेत काहीच चढलं नाही.

"मारोतराव, तुम्ही काय पाहत होते?"

मारोतभाऊ जाळीच्या जमिनीवर बसले. "साहेब, मी काच पाहिलीच नाही. मी त्याले पाहून राहिलो होतो."

टपरीवर पांढऱ्या शर्टातला एक माणूस सायकल टेकवून चहा पीत होता. तो सावकाराचा माणूस, मारोतभाऊंनी सांगितलं. त्यांच्या मेहुण्यानं ट्रकसाठी पैसे घेतले होते, जामीन म्हणून सही मारोतभाऊंची. मेहुणा ट्रक विकून पसार झाला.

"मारते का तो?" साहेबांनी विचारलं.

"नाही जी. काहीच बोलत नाही. घरी गेलो का पायरीवर येऊन बसते. पोरं शाळेत जातात, त्याच्या बाजूनं. फाटकाच्या आत त्याले येता येत नाही ना, म्हणून मी इथंच राहतो. झोप लागत नाही. डोळे मिटले का सायकलची घंटी ऐकू येते." मग ते हळूच म्हणाले, "कधी या जाळीतून खाली पाहतो तर वाटते, एका मिनटात सुटून जाईन."

साहेबांनी त्यांचा दंड धरला आणि खाली उतरेपर्यंत सोडला नाही. मी मागून उतरत होतो. जिना उभा आहे. तेवढी भीती मला ड्रमजवळही वाटली नव्हती.

कॉलनीच्या डॉक्टरांनी तपासलं आणि नागपूरच्या मानसोपचार डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी दिली.

"मी पागल नाही डॉक्टरसाहेब," मारोतभाऊ म्हणाले.

"पागल म्हटलं कोणी? इतके दिवस झोप नाही, भीती उतरत नाही. हा आजार आहे, त्याला औषध आहे. कर्ज राहील तिथं राहील, आधी तुम्ही राहा."

संध्याकाळी साहेब त्यांना घेऊन फाटकाबाहेर निघाले. मीही गेलो, का ते सांगता येत नाही. पांढऱ्या शर्टातला माणूस उठला. त्यानं हात जोडले.

"नमस्कार मारोतभाऊ. वहिनी बऱ्या आहेत ना? पोरगी आता एकटीच जाते शाळेत."

मारोतभाऊंनी माझं मनगट पकडलं. बोटं रुतली.

"उद्या आमच्या कामगारांच्या पतसंस्थेत या," साहेब म्हणाले. "व्यवहार तिथं होईल, कागदावर. यांच्या पायरीवर पुन्हा दिसलात तर पोलीस ठाण्यात बोलू."

"आम्ही कुठं काय म्हणतो साहेब?" तो हसला आणि निघून गेला.

पुढे पतसंस्थेनं ते कर्ज आपल्याकडे घेतलं. आता पगारातून हप्ता कापला जातो, दारात कोणी येत नाही. नळ्या वाचल्या होत्या, दोन दिवसांनी बॉयलर सुरू झाला. मारोतभाऊंना मेमो मिळाला आणि औषधं चालू असेपर्यंत दिवसपाळीत स्टोअरला घातलं. बरे आहेत का, हे मला सांगता येणार नाही. मी निघालो त्या आठवड्यात ते म्हणाले, "झोप येते आता. पण सकाळी दार आधी थोडंसंच उघडतो."

माझ्या ट्रेनिंग रिपोर्टमधून सरांनी हा भाग काढायला लावला. तांत्रिक नाही म्हणाले. म्हणून इथे लिहिला.

कोलते साहेबांच्या शिफ्टमध्ये आता एक नवीन रीत आहे. कोणी सारखी दुसऱ्याची ड्यूटी मागू लागला की साहेब त्याला बाजूला घेऊन विचारतात, "घरी का जात नाही?" बहुतेक जण 'सहजच' म्हणतात. साहेब त्या दिवशी ड्यूटी देत नाहीत, चहा देतात, आणि पुन्हा विचारतात.