सायबीण कार्मेलिनच्या फाटकाशी थांबली

कार्मेलिन कुठे आहे हे आमच्या वाडीत कुणाला विचारावं लागत नाही. कान द्यायचा, बस. देवबाग म्हणजे एक लांबट वाळूची पट्टी. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला दर्या. कार्मेलिनचा आवाज दोन्ही किनाऱ्यांना पुरतो. कुणाच्या तरी अंगणात उभी राहून ती विचारत असते, "काय गो, जिती आसस मां? दोन दिस दिसलंस नाय ती!"

मी घरात असणारी बाई. सकाळी प्रार्थना, मग स्वयंपाक, दुपारी सगळे आडवे झाले की वही. वहीत रोज चार ओळी लिहिते, त्यापलीकडे माझ्या दिवसात लिहिण्यासारखं काही नसतं. पण शनिवारी जे झालं ते चार ओळींत मावेना. तेव्हा म्हटलं, कार्मेलिनचं एकदा सगळंच लिहून टाकावं.

आमच्या बायकांच्या मंडळाचं नाव मार्था मंडळ. बायबलात मार्था आणि मरिया या दोन बहिणी आहेत. येशू घरी आला तेव्हा मरिया त्याच्या पायाशी ऐकत बसली आणि मार्था एकटी स्वयंपाकघरात राबत राहिली. येशूनं कौतुक केलं ते मरियेचं. कार्मेलिनला हे काही केल्या पटत नाही. तिनं थेट फादरांनाच विचारलं होतं, "दोगीव पायाकडे बसल्यो असत्यो तर? देव काय उपाशीच परत जातलो?" फादर इतके हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. म्हणाले, "मग मार्थाच्याच नावानं मंडळ काढा."

पण मंडळ सुरू झालं होतं ते त्याच्या आधीच. मोठ्या वादळाच्या वर्षी आमचं छप्पर उडालं. मी भिजलेल्या गाद्यांच्या ढिगावर नुसती बसले होते. कार्मेलिन पेजेचा टोप डोक्यावर घेऊन आली, 'काही हवं का' वगैरे न विचारता मोरीत बसली आणि आमची चिखलानं भरलेली भांडी घासायला लागली. पुढे मंडळाचा तोच नियम झाला. विचारायचं नाही. विचारलं की माणूस नको म्हणतो. जायचं आणि भांडी घासायला घ्यायची.

मला मंडळात ओढलं तेव्हा मी म्हटलं होतं, "माका काय येता गो?"

"पेज येता मां?"

"पेज कोणाक येणा नाय?"

"झाला तर! इलंस तू मंडळात."

तेव्हापासून आजाऱ्याच्या घरी, बाळंतिणीच्या घरी, मयताच्या घरी आमचे डबे जातात. ख्रिश्चनाचं घर, हिंदूचं घर असं आम्ही पाहत नाही. झाकणावर प्रत्येकीनं नेलपॉलिशनं आपलं नाव घातलंय. वाडीतल्या रुजाय नावाच्या बाईला नवऱ्यानं टाकलं तेव्हा तिनं दार लावून घेतलं होतं, चॅपेललासुद्धा येईना. कार्मेलिननं तिच्या खिडकीतून मिरवणुकीतली पितळेची घंटा आत टाकली आणि सांगितलं, "सायबिणीच्या फुडे वाजवूक माणूस नाय. तू इलंस नाय तर सायबीण मुक्यान फिरतली." रुजाय आली. आज घंटेला दुसऱ्या कुणी हात लावला तर रुजाय भांडते!

आपण कुणाच्या उपयोगाची नाही असं जिच्या मनात असतं तिला कार्मेलिन शंभर बायकांतून ओळखते. "देवान तुका मोजूक तागडी घेतल्यान नाय गो," म्हणते. माझं जे काही मोल मला कळलं, ते माझ्या पेजेच्या डब्यातून आणि तिच्या या एका वाक्यातून.

आणि हीच बाई चॅपेलमध्ये शेवटच्या बाकावर, दाराला लागून बसते. "कोणी बोलवूक इला तर उठाक बरा," असं सांगते. पण खरं कारण वेगळं आहे, ते मला माहीत होतं.

सायबीण म्हणजे आमची पवित्र मरिया, येशूची आई. हातभर उंचीची लाकडी मूर्ती, काचेच्या पेटीत. नाताळाच्या आधी ती घरोघर फिरते. एका घरी एक दिवस. संध्याकाळी त्या घरी सगळे जमून मण्यांच्या माळेवर तेर्स ही प्रार्थना म्हणतात, चणे वाटतात. तेर्स सुरू करायची ती घरच्या बाईनं, सायबिणीच्या शेजारी बसून. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गाणी म्हणत तिला पुढच्या घरी पोचवायचं. आमच्या वाडीची रीत अशी की एकदा घरातून निघाली की सायबीण मागे फिरत नाही आणि घरंही वाटेच्या क्रमानंच घ्यायची.

पण वाटेवरचं एक घर दरवर्षी चुकतं. कार्मेलिनचं.

ती आमच्याच वाडीतली, ख्रिश्चन घरात जन्मलेली. तिचा नवरा सत्यवान हिंदू, होडीवाला. फादरांच्या परवानगीनं रीतसर लग्न झालं. तिनं आपली माळ सोडली नाही, त्यानं आपला गणपती सोडला नाही. घरासमोर तुळस, आत कोपऱ्यात हिचा क्रूस, आणि मध्ये तिची सासू मथुराकाकी, दोघांवर सारखीच ओरडणारी. पण लग्नाच्या दिवशी कार्मेलिनची धर्ममाता, बाप्तिस्म्याला तिला हातांत धरलेली बाई, तिला म्हणाली होती, "आता तुझ्या उंबऱ्यार सायबीण चढाची नाय." ती बाई कधीच देवाघरी गेली. तिचं वाक्य मात्र कार्मेलिनच्या मनातून गेलं नाही; चॅपेलमधला शेवटचा बाक त्यामुळेच. दरवर्षी मिरवणूक तिच्या फाटकाजवळ आली की कार्मेलिन गाणं चढवते आणि पाऊल उचलते. आम्हीही तिच्या मागून भरभर पुढे जातो. इतकी सवय झाली होती की मथुराकाकी पडवीत उभी राहून पाहत असते, हे कुणाच्या डोळ्यांत आलंच नव्हतं.

शनिवारी सायबीण माझ्या घरून निघाली. पेटी माझ्या हातांत. पुढे रुजाय घंटा वाजवत, बाजूला मेणबत्त्या, मागे गाणाऱ्या बायका, आणि त्यांच्यामागे पर्यटक, मोबाइल वर धरून. पुढचं घर बावतीस फर्नांडिसांचं. कार्मेलिनचं फाटक आलं. तिनं गाणं चढवलं. आणि नेमका तेव्हाच तिचा फोन वाजला.

बावतीसचा फोन. त्याचे वडील जेवताना पडले, त्यांना घेऊन सगळी माणसं ओरोसच्या इस्पितळात निघाली होती. घराला कुलूप.

आम्ही तिथंच वाळूच्या रस्त्यावर उभ्या. आधी म्हाताऱ्यासाठी एक प्रार्थना केली. ते आता बरे आहेत, घरी आलेत, देवाची कृपा! पण तेव्हा प्रश्न असा, की हातांत सायबीण, पुढे कुलूप, मागे फिरायचं नाही, आणि वारा मेणबत्त्या विझवतोय.

"फुडलो नंबर इस्पेरांस आंटीचो," कुणीतरी म्हणालं. "आंटी, तुमच्याकडे आजच नेऊया."

इस्पेरांस आंटी मंडळातली सगळ्यांत मोठी. महिनाभर ती सायबिणीसाठी घर रंगवतेय म्हणून सांगत होती. तिचा चेहरा पडला. "अगो, रंग ओलो आसा! सामान सगळा प्लास्टिकाखाली. मी स्वता शेजारणीकडे झोपतंय!"

"घे! सायबिणीसाठी रंग काढल्यान आणि सायबिणीकच जागा नाय!" रुजाय म्हणाली. आम्ही हसलो, आंटीसुद्धा हसली. पण न्यायची कुठे? आंटीच्या पुढची घरं पर्यटकांनी भरलेली. कार्मेलिन एकामागून एक फोन लावत होती. पाठ स्वतःच्या फाटकाला लावून! तिच्या पाठीला फाटकाची कडी टोचत असणार, इतकी ती टेकली होती, आणि तरी दुसऱ्यांच्या घरांत जागा शोधत होती. माझे हात भरून आले होते. म्हटलं, "कार्मेलिन, मागे बघ."

"गप, जासिंता," ती मला म्हणाली. फोन कानाला तसाच.

तेवढ्यात फाटकाच्या आतून आवाज आला. "किती येळ उभी करून ठेवतल्यास तिका? पाय दुखाचे नाय तिचे?"

मथुराकाकी. तुळशीला दिवा लावून तोच दिवा हातात घेऊन आलेली.

कार्मेलिन वळली. "आये, तू आत जा. आम्ही बघतो."

"काय बघतंस? वर्षां-वर्षां मीच बघतंय. ही इतक्या लोकांच्या घराक जाता आणि माझ्या फाटकाकडे इली की तुम्ही धावूक लागतास. गो बाय, माझ्या घरात काय कमी आसा? वास मारता?"

कार्मेलिनच्या हातातला फोन खाली आला. आतून कुणीतरी 'हॅलो, हॅलो' करत होतं.

"आये, तसा नाय..."

"मगे कसा? माका वाटला, तुमच्या देवाक आमचो उंबरो चलणा नाय. म्हणान मी कधी विचारूक नाय. पण आज ती आपणहून थांबली मां?"

मला तेव्हा कुठे कळलं. इकडे सून समजत होती की या उंबऱ्यामुळे आपला हक्क गेला, आणि तिकडे सासू समजत होती की आपलंच घर हलकं. एका छपराखाली इतकी वर्षं! दोघींत मिळून एक शब्द नाही!

इस्पेरांस आंटी पुटपुटली, "फादरांक विचारूक होया." मी म्हटलं विचारा. फोन स्पीकरवर घातला. फादर मालवणात गाडी चालवत होते, हॉर्न ऐकू येत होते. सगळं ऐकून घेऊन म्हणाले, "घरात ख्रिश्चन बाई आहे, घरची मोठी माणसं बोलवतायत, आणि तुम्ही मला काय विचारताय? अंधार पडतोय. आत न्या तिला!"

आंटीनं फोन परत दिला आणि स्वतःच पुढे होऊन फाटकाची कडी काढली. मी ते विसरणार नाही.

मग जी धांदल उडाली! मथुराकाकीनं ट्रंकेतून ठेवणीतलं नऊवारी काढलं, क्रूसाखालच्या टेबलावर पसरलं, त्यावर मी सायबीण ठेवली. हात मोकळे झाले तरी मला ती अजून हातांतच आहे असं वाटत होतं. अंगणातली जास्वंद रुजायनं सगळी तोडली, एक कळी ठेवली नाही. चणे भिजवलेले नव्हते. काकीनं जत्रेतून आणलेल्या खाज्याचा डबा पुढे केला. "हां वाटा. तुमच्या सायबिणीक गोड चलता मां?"

"काकी, सायबिणीक सगळा चलता," आंटीच म्हणाली.

कार्मेलिन कुठे? ती स्वयंपाकघरात. चहाचं आधण ठेवत होती. रुजाय आत गेली आणि तिच्या हातातलं भांडं काढून घेतलं.

"भायर हो."

"अगो, माणसा इतकी, च्या कोण करतला?"

"मी करतंय. तू आज मार्था न्हय. जा, बस."

"माका बसाक येणा नाय गो," कार्मेलिन म्हणाली. आम्ही सगळ्या हसायला लागलो, पण ती हसत नव्हती. मला पहिल्यांदाच तिचा आवाज लहान ऐकू आला. मी तिला दंडाला धरून बाहेर आणली आणि सायबिणीशेजारी पाटावर बसवली. मथुराकाकी तिच्या बाजूला फतकल मारून बसली, दिवा मध्ये ठेवून.

आता तेर्स घरच्या बाईनं सुरू करायची. आम्ही वाट पाहतोय. कार्मेलिनच्या हातात माळ, ओठ हलतायत, आवाज येत नाही. जी दोन्ही किनाऱ्यांना ऐकू जाते तिचा! मला वाटलं, आता ही उठते आणि चहाकडे पळते. तिचं पाऊल पाटावरून खाली आलंसुद्धा. मथुराकाकीनं मान न वळवता आपला हात तिच्या मांडीवर ठेवला, घट्ट, पोरं पळू नयेत म्हणून ठेवतात तसा.

तेवढ्यात दाराशी सत्यवान. होडी लावून आलेला, दाराशी चपलांचा ढीग बघून घाबरलेला. "काय झाला? आये खंय आसा? आये!"

"मेलंय नाय अजून!" काकी ओरडली. "पाय धू आणि गप बस. पाहुणी इली आसा."

घर हसण्यानं भरलं. कार्मेलिनसुद्धा हसली, आणि हसता हसताच तिचा आवाज मोकळा झाला. पदरानं डोळे पुसले आणि क्रूसाची खूण करून तिनं तेर्स सुरू केली. अशी म्हटली, की बाहेर उभ्या पर्यटकांनी मोबाइल खाली केले. एकेक मणी पुढे जात होता, सत्यवान दाराशी ओल्या पायांनी बसला होता, आणि मी तिच्याकडे बघत होते. ती दाराकडे बघत नव्हती. सायबिणीकडे बघत होती.

शेवटी गाणं. वाटेनं म्हणतो तेच. कार्मेलिननं ते सवयीनं चढवलं, फाटकाजवळ चढवते तसं, पार वरच्या पट्टीत. मथुराकाकीनं कानावर हात ठेवला.

"हळू म्हण गो," ती म्हणाली. "आता ती घरातच आसा."