माय माझ्या कुटुंबात होती तेव्हा

पुण्याची बस शहाद्याहून सुटते आणि सारंगखेड्याच्या थांब्यावर जेमतेम दोन मिनिटं उभी राहते. तेवढ्यात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझी बॅग वर टाकली, कंडक्टरला सीट नंबर दोनदा विचारला आणि शेजारच्या बाईंना "मुलगी पहिल्यांदाच चालली आहे" असं सांगितलं. परक्या माणसाशी बोलताना नाना नेहमी घरची बोली सोडून शाळेतलं मराठी काढत. माय मात्र खाली उभी राहून खिडकीचा गज धरून होती. बस हलायला लागली तेव्हा तिला एवढंच सुचलं, "तठे आजारी नको पडजो. कोन पाही तुले?"

मला हसू आलं. नोकरीला निघालेल्या मुलीला कुणी असा निरोप देतं का? बस तापीच्या पुलावर चढली तेव्हा रडूही आलं, पण ते तिला दिसलं नाही.

पुण्यात मला काम मिळालं ते परदेशातल्या लोकांची दवाखान्याची बिलं तपासायचं. कुणाचा क्लेम बसतो, कुणाचा फेटाळायचा, हे मी दिवसभर स्क्रीनवर बघायची. नोकरीबरोबर विमा होता. पहिल्याच आठवड्यात फॉर्म आला, कुटुंबातल्या व्यक्तींची नावं लिहा. मी मायचं आणि नानांचं लिहिलं. मायचं कार्ड आलं तेव्हा तिने ते प्लास्टिकमध्ये घालून घेतलं आणि गल्लीभर दाखवलं, "मन्ही आंडेरनी कंपनीनं कार्ड शे." आंडेर म्हणजे लेक. पण साध्या आजाराला ते बाहेर काढायची तिची तयारी नसे. नव्या लुगड्यासारखं मोठ्या प्रसंगासाठी जपून ठेवलेलं.

लग्न झाल्यावर तोच फॉर्म पुन्हा भरावा लागला. या वेळी नियम असा की आई-वडील किंवा सासू-सासरे, दोन्हींपैकी एकच जोडी निवडायची. माझ्या नवऱ्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान, त्याला कुठला विमा? मी अवघडून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "टाक तुझ्या आईचं नाव. मला काय धाड भरलीये?" त्या दोन ओळींवर सही करताना मला जो आनंद झाला तो गावाकडच्या बायकांना बरोबर कळेल. आमच्याकडे श्रावणात घरोघरी कानबाई ही देवी बसते. तिचा रोट, म्हणजे घरातल्या पुरुषांची डोकी मोजून दळलेल्या गव्हाचा प्रसाद, फक्त भाऊबंदांनी आणि त्यांच्या बायकांनी खायचा असतो आणि संपेपर्यंत घरातच खायचा असतो. लग्न झालेल्या लेकीला तो चालत नाही, ती दुसऱ्या कुळाची झाली. म्हणजे माहेरी मी कुटुंबात नव्हते, पण पुण्यातल्या कंपनीत माय माझ्या कुटुंबात होती. मी त्या कंपनीवर अक्षरशः जीव टाकत होते.

माझी मुलगी चालायला लागली त्या वर्षी आषाढात मायला सुईत दोरा ओवता येईना. मधुमेह जुनाच होता. नंदुरबारच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की उजवा डोळा फारसा उरलेला नाही, आणि डाव्याच्या आतही रक्त साचून पडदा ओढला जातोय. लवकर ऑपरेशन करा, नाहीतर हाही जाईल. मी पुण्यातल्या दवाखान्यात नाव घातलं. विम्याची मंजुरी आली, तारीखही मिळाली. ती नेमकी कानबाईच्या आठवड्यातली निघाली.

"रोट व्हई जाऊ दे," माय म्हणाली. "मंग तू सांगशी तठे येसू."

घरात रोट करणारी मोठी बाई ती एकटीच. नानांनीही मान हलवली असणार, फोनवर ते दिसलं नाही. मी भांडायला हवं होतं. एरवी मी रिक्षावाल्यालाही सोडत नाही. पण तेव्हा आमची कंपनी कुणीतरी मोठी कंपनी विकत घेणार अशी कुजबुज होती आणि सुट्टी मागायला कुणी धजत नव्हतं. जो तो आपण किती कामाचे आहोत हे दाखवण्यात गुंतलेला. मायने तारीख ढकलली म्हणून मी चिडले खरी, पण फोन ठेवल्यावर मला सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, नवऱ्यालाही नाही.

रोट झाला. पाठोपाठ आमच्या ऑफिसात दोन कंपन्यांची नावं लिहिलेला केक कापला गेला. नवे साहेब म्हणाले, आजपासून आपण सगळे एक मोठं कुटुंब. चार दिवसांनी मेल आला. नव्या पॉलिसीत कुटुंब म्हणजे नवरा किंवा बायको आणि दोन मुलं. एक तारखेपासून लागू. मायची नवी तारीख पाच होती.

मी दवाखान्याचे पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. एक तारखेच्या आत करा म्हणून विनवलं. जागा मिळतही होती. पण मायची साखर तपासली तर ती भलतीच चढलेली. रोट संपवायचाच असतो, म्हणून ती सात दिवस रोटाचं पुरण आणि पुऱ्या खात होती. डॉक्टर म्हणाले, साखर उतरल्याशिवाय मी डोळ्याला हात लावणार नाही. यात त्यांचं काय चुकलं? मायचं तरी काय चुकलं?

एचआरमधली मुलगी गुणी होती. मी तिच्यासमोर मंजुरीचं पत्र ठेवलं. तिने दोनदा वाचलं आणि म्हणाली, "मॅम, मी रिक्वेस्ट टाकली आहे, पण सिस्टीममध्ये तो ऑप्शनच दिसत नाहीये." तिच्याही वडिलांचं नाव त्याच दिवशी गळालं होतं, हे मला मागाहून कळलं. भांडायचं तरी कुणाशी? परक्यांचे क्लेम फेटाळताना मी जी वाक्यं टाइप करायची, जवळपास त्याच वाक्यांचं उत्तर मला आलं.

नंतर तीन आठवड्यांत लोकांना काढायला सुरुवात झाली आणि माझाही नंबर लागला. पाच मिनिटांचा व्हिडिओ कॉल, आणि कॉल संपायच्या आत लॅपटॉप बंद. विमाही शेवटच्या दिवसाबरोबर संपला, माझा, नवऱ्याचा आणि मुलीचाही. त्या आठवड्यात मुलीला साधा ताप आला तरी मी आधी डॉक्टरांची फी विचारली. मायचं नाव सरकारी योजनेत घातलं. कागद जमवायचे, एक कमी पडला की पुन्हा जायचं, मग रांग. नाना सगळीकडे तिचा हात धरून फिरले. ऑपरेशन झालं, नाही असं नाही. तिथले डॉक्टरही चांगले होते. पट्टी सोडल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं आणि म्हणाले, "थोडं आधी आणायला हवं होतं." मायला आता उजेड आणि अंधार कळतो. समोर माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते कळत नाही.

त्या दिवशी परत जाताना तिने मला हळूच विचारलं, "तू मन्हं नाव दिधं म्हणीसन तुले काढं का?"

तिला वाटत होतं की तिचं आजारपण कंपनीला कळलं आणि म्हणून माझी नोकरी गेली. मी तिला समजावून पाहिलं. कंपनी विकली गेली, किती तरी लोक गेले, तुझा काही संबंध नाही. ती हो हो म्हणाली. पण त्यानंतर तिने एकदाही कुठलं औषध मागितलेलं नाही. दुखलं तरी सांगत नाही, नानांकडून कळतं. आजारी पडणं म्हणजे लेकीच्या पोटावर पाय, हे तिच्या डोक्यात बसलंय ते बसलंच. मी काय करू? खरी गोष्ट सांगून तिचा अपराध काढून घ्यायचा, तर माझा सांगावा लागेल, की तिने तारीख ढकलली तेव्हा नोकरीच्या भीतीने मला सुटल्यासारखं वाटलं होतं. तेवढं धाडस माझ्यात नाही.

आता मी एका छोट्या कंपनीत कंत्राटावर आहे. फॉर्ममध्ये कुटुंबाचा रकानाच नाही. माझ्यासारखे गाव सोडून आलेले बरेच जण विचारतात, गावाला जातेस का, घर आठवतं का. कसं सांगू? सुट्ट्या नाहीत, त्यामुळे घर मला रविवारी भेटतं, व्हिडिओ कॉलवर. नाना फोन लावून मायच्या हातात देतात आणि शेताकडे जातात. ती तो दोन्ही हातांनी चेहऱ्यासमोर धरते, असं तिला वाटतं. खरं म्हणजे तो उलटाच असतो, काच बाहेरच्या बाजूला, वर छताकडे. मला दिसतात छताचे पत्रे, एक वासा आणि पंख्याचं एक पातं.

"मी दिसस ना तुले?" ती विचारते.

पहिल्यांदा मी सांगणार होते, फोन फिरव म्हणून. सांगितलं नाही. ती केस सारखे करून, पदर नीट घेऊन बसलेली असणार.

मी त्या पत्र्यांकडे बघून म्हणते, "दिसस, माय. चांगली दिसस."