पास झालो की येतो

खरं तर हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा टाईप केलं, दोनदा पुसलं. पण आमच्या ओळखीच्या मुनव्वरचं कुणाला सांगितल्याशिवाय राहवेना.

मुनव्वर मंगळवार पेठेतला, वय बेचाळीस. दिवसभर ब्रॉडबँडच्या तक्रारी निस्तरायच्या आणि पहाटे उठून नेटवर्किंगच्या मोठ्या परीक्षेचा अभ्यास करायचा. गेल्या वर्षी थोडक्यात नापास झाला, आणि तेव्हाच त्यानं ठरवून टाकलं, पास झाल्याबिगर गणपतरावांना तोंड दाखवायचं न्हाय.

गणपतराव म्हणजे त्याचे पहिले मालक. वीस वर्षांपूर्वी त्यांचा केबल टीव्हीचा धंदा होता, आता गडहिंग्लजला लेकाकडं असतात. ते दिवस आठवले की मुनव्वरचं पुस्तक तसंच उघडं राहतं. गच्ची-गच्चीवरनं वायर ओढत जायचं, कुठल्यातरी घरातनं हाक यायची, "चहा घेऊन जा रं!" एकदा उचगावात त्यानं वायर वाचवायला अख्ख्या गल्लीला एकच लाईन दिली, तीपण रस्त्यावर लोंबती. उसाची ट्रॉली आली आणि वायर घेऊनच गेली. भर मॅचमध्ये गल्लीतले टीव्ही बंद! लोक भांडायला आले तर गणपतराव पुढं झाले, "पावणं, चूक माझी हाय." मग मुनव्वरकडं वळून, "मर्दा, घराला दोन दारं असत्यात, आन् लाईनीला एकच वाट व्हय?"

आता पुस्तकात नेमकं तेच. दोन वाटा दिल्या की डेटा कुठल्या वाटेनं जातो, कधी जागच्या जागी गरागरा फिरत बसतो, हे काही त्याला सुटेना. चार दिवस तिथंच अडकला. परीक्षा पुढच्या शुक्रवारी. शेवटी न राहवून गणपतरावांना फोन लावला.

"कोण, मुनव्वर? जिता हाईस व्हय!"

"मालक, पास झालो की येणारच होतो..."

"आन् तवर मी काय वाट बघत बसू? माझं वय काय उतरालंय व्हय? रविवारी जेवायलाच ये."

परीक्षेआधीचा शेवटचा रविवार. तरी तो एसटीत बसला. गणपतराव वाळलेले, ऐकूपण कमी येतंय. जेवण झाल्यावर मुनव्वरनं कुठं अडलंय ते सांगितलं, तशी त्यांनीच त्याच्या पिशवीतली वही ओढली. "मला कळंल असं सांग. मोठ्यानं."

मुनव्वर ओरडून ओरडून सांगायला लागला. ते मध्येच अडवायचे, "तिकडनंच का? हिकडनं का न्हाय?" तिसऱ्यांदा सांगताना त्याचं त्यालाच सुटलं. म्हातारा खदाखदा हसला. "मला कायबी कळ्ळं न्हाय लेका. पर तुला कळ्ळं की!"

परत येताना तो खिडकीकडं तोंड करून रडला. शुक्रवारी काय व्हायचं ते होऊ दे, पण एक अख्खं वर्ष त्यानं नुसतं लाजण्यात घालवलं होतं.

तुमचंपण असं कुणीतरी असेलच. पास व्हायची, नोकरी लागायची वाट बघू नका. या रविवारीच जावा की, प्लीज.