सपनाचं लग्न, वीस वेळा

तुम्ही कधी एकाच नवरीच्या एकाच लग्नाला वीस वेळा गेलात का? मी गेले. एकोणीस वेळा आमच्या शाळेच्या हॉलमध्ये, आणि विसाव्यांदा खरोखर.

मी चंद्रपूरला एका विशेष शाळेत काळजीवाहक आहे. ऑटिझम असलेली, शिकायला जास्त वेळ लागणारी मुलं इथे राहतात. मी शिकवत नाही, माझं शिक्षण बारावीपर्यंतच. मी त्यांना उठवते, भरवते, वेण्या घालते, रडली तर जवळ बसते. जी बोलतात ती मला मावशी म्हणतात. जी बोलत नाहीत ती पदर ओढतात.

आमच्याकडे किस्से कसे साचतात सांगू? वसतिगृहातले धुतलेले मोजे जुळवताना रोज एखादा एकटा मोजा उरतो. तो टाकवत नाही, म्हणून मी एका पिशवीत ठेवते. किस्स्यांचंही तसंच. पिशवी आता गच्च भरली आहे. आज त्यातले फक्त या लग्नाचे काढते.

*

पूनम तेरा वर्षांची. गाव चामोर्शीजवळ. बोलते चार-पाच शब्द, तेही मनात आलं तर. तिची मोठी बहीण सपना एका दुपारी शाळेत आली आणि मोठ्या बाईंसमोर, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांसमोर, रडायलाच लागली.

सपनाचं लग्न ठरलं होतं. मुलगा चंद्रपूरचाच, चांगल्या नोकरीतला. पण बाबांनी मुलाकडच्यांना पूनमबद्दल सांगितलंच नव्हतं. लग्नाच्या दिवशी तिला शाळेतच ठेवायचं, असं घरी ठरलं होतं.

बाबांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. आदल्या वर्षी चुलतभावाच्या लग्नात बँड सुरू झाला आणि पूनमने मांडवाचं कापड धरून ओढलं. अर्धा मांडव खाली आला, नवरदेवासकट!

मोठ्या बाईंनी बाबांना फोन लावला. स्पीकरवर होता, म्हणून मीही ऐकलं.

"बाई, माही पोट्टी मले जड नाई," ते म्हणाले. "पन त्या एका दिवसावर दुसरीचा सारा जलम हाय. मी काय करू, सांगा."

सपनाने डोळे पुसले आणि फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "बाबा, पूनम नसन तर मी हार घालत नाई."

शेवटी असं ठरलं: लग्नाच्या आधीच्या शुक्रवारी बाबा शाळेत येतील. गर्दीत, आवाजात पूनम अर्धा तास शांत बसली तर तिला लग्नाला नेतील. नाही बसली तर ती इथेच राहील.

*

पूनमच्या वर्गशिक्षिका निशा मॅडम. सव्वीस वर्षांच्या, हुशार. त्या म्हणाल्या, "पुढे काय होणार हे माहीत असलं की पूनम घाबरत नाही. आपण लग्नाचा सराव करू."

भिंतीवर ओळीने चित्रं लागली. हार, अंतरपाट, मंगलाष्टकं, अक्षता, टाळ्या, जेवण. निशा मॅडम नवरी झाल्या. नवरदेव कुठून आणायचा? शाळेत पुरुषमाणूस एकच, आमचे ड्रायव्हर शंकरभाऊ. त्यांना दोन नातवंडं आहेत.

दुसऱ्या दिवशी शंकरभाऊ पांढरा शर्ट इस्त्री करून आले. म्हणाले, "बायकोले सांगून आलो, मी शाळेत दुसरं लगन करून राह्यलो म्हनून."

"मग? काय म्हणाल्या?"

"काय म्हनन! म्हने, जेवन तिकडंच करजा."

*

अक्षतांचं काम माझ्याकडे होतं. पूनमच्या अंगावर तांदळाचा दाणा पडला की सुई टोचल्यासारखी ती दचकायची. म्हणून पहिल्या दिवशी मी एकच दाणा टाकला. दुसऱ्या दिवशी दोन. तिसऱ्या दिवशी पाच.

रोज ती खांदे कानापर्यंत उचलायची, डोळे घट्ट मिटायची. पण उठून जायची नाही. आणि झालं की जमिनीवर बसून एकेक दाणा वेचून माझ्या मुठीत परत द्यायची. सगळे मिळाल्याशिवाय तिथून हलत नसे. मूठभर अक्षतांपर्यंत पोचायला आम्हाला दहा दिवस लागले.

आमच्या स्वयंपाकीण बाई दारातून बघत होत्या. म्हणाल्या, "एवढी चिकट पोट्टी माह्याकडं पाठवा व! मायी तुरीची डाळ दोन दिसापासून निवडाची हाय."

*

त्याच दिवसांत एक सरकारी साहेब शाळा तपासायला आले. सरावात वऱ्हाडी होणारी मुलं अक्षतांच्या वाट्या घेऊन हॉलमध्ये बसली होती. साहेब चांगले होते, पण बोलायला लागले की थांबत नव्हते. "मी आपला जास्त वेळ घेणार नाही," असं तिसऱ्यांदा म्हणाले.

आमचा रोहन ऐकलेलं जसंच्या तसं म्हणतो. मंगलाष्टकं त्याला एव्हाना तोंडपाठ झाली होती. साहेब श्वास घ्यायला थांबले, आणि रोहन उठून खणखणीत ओरडला, "शुभमंगल साऽवधान!"

सराव तो सराव! अठरा मुलांचे अठरा हात वाट्यांत गेले आणि साहेबांवर तांदळाचा पाऊस पडला. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. दोघंजण जेवणाच्या रांगेत जाऊन उभी राहिली.

मोठ्या बाई रुमाल घेऊन धावल्या. साहेबांनी कॉलरमधले दाणे काढले, शेरेवही मागितली आणि लिहिलं, "विद्यार्थी एकजुटीने व वेळेवर कृती करतात."

*

लग्नाला आठ दिवस राहिले असताना सपना पत्रिका घेऊन आली. सगळ्यात खाली, लहान मुलांच्या नावाने छापतात ती ओळ होती, "आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!" आणि त्याखाली एकच नाव. पूनम.

"बाबानं काढाले लावलं होतं," सपना म्हणाली. "मी प्रेसमधी जाऊन परत टाकलं."

निशा मॅडमनी कौतुकाने पत्रिका हातात घेतली आणि तशाच थांबल्या. मग ती माझ्याकडे दिली. वरती बुद्धांचं चित्र होतं.

सपनाचं घर बौद्ध. त्यांच्या लग्नात अंतरपाट नसतो. मंगलाष्टकं नसतात. अक्षता नसतात.

तेरा सराव झाले होते. पूनमचा दाखला शाळेच्या रजिस्टरमध्ये होता, त्यात सगळं लिहिलेलं होतं. कोणी उघडून पाहिलं नाही. माझ्या घरी लग्न जसं होतं तसंच सगळ्यांकडे होत असेल, असं मी धरून चालले. कोणाला विचारावं, एवढंही मनात आलं नाही. आणि त्या पोरीने माझ्यापायी रोज खांदे कानापर्यंत उचलले. त्या संध्याकाळी मी अक्षतांचे तांदूळ स्वयंपाकघरात परत देऊन आले.

आणि शंकरभाऊ? ते स्वतः बौद्ध! पूनमला सुट्टीत घरी पोचवायला दोनदा जाऊन आलेले.

"भाऊ, तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?" निशा मॅडमनी विचारलं.

"मले वाटलं, तुमच्या ट्रेनिंगमधी असंच शिकवत असन," ते म्हणाले. मग म्हणाले, "आन मी तं नवरदेव होतो, मॅडम. नवरदेवाले कोन इचारते?"

*

भिंतीवरची चित्रं उतरली, नवी लागली. मेणबत्ती, वंदना, हार, फुलं, जेवण. शंकरभाऊंची बढती झाली. त्यांच्या वस्तीत वंदना तेच घेतात, म्हणून इथेही तेच समोर उभे राहिले. मग नवरदेव कोण होणार? मोठ्या बाई स्वतः उठल्या. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेल्या आमच्या मुख्याध्यापिका निशा मॅडमच्या गळ्यात हार घालून खुर्चीवर ताठ बसल्या!

पूनमला हा बदल पटेना. पहिले दोन दिवस ती जुनं अक्षतांचं चित्र कपाटातून काढून परत भिंतीवर लावायची. आम्ही उतरवत होतो, ती लावत होती. तिसऱ्या दिवशी शंकरभाऊंनी ते चित्र तिच्याच हातात दिलं आणि म्हणाले, "ठेव तुयाजवळ. हेबी लगनच हाय, आपलं दुसरं." तिने चित्र उशीखाली ठेवलं आणि पाकळ्यांचं ताट घेतलं.

शुक्रवारी बाबा आले. दाराशी चप्पल काढून भिंतीला टेकून उभे राहिले. वंदना झाली, हार झाले, आम्ही मुद्दाम थाळ्या वाजवल्या, रोहन सवयीने "सावधान" म्हणालाच. पूनम पांढरा फ्रॉक घालून बसली होती. बाविसाव्या मिनिटाला ती उठली आणि बाहेर गेली.

"बावीस मिनिटं," निशा मॅडम म्हणाल्या. "अर्धा तास नाही झाला." त्यांना खोटं बोलता येत नाही.

बाबांनी चपला पायात सरकवल्या. मग म्हणाले, "बाविस मिनटं तं माही मायबी एका जागी नाई बसत. घ्याले किती वाजता येऊ?"

*

लग्न रविवारी, गावातल्या समाजमंदिरापुढच्या मांडवात. पूनमला मधे घेऊन मी आणि शंकरभाऊ शेवटच्या रांगेत बसलो. वंदना झाली. प्रतिज्ञा झाली. पाकळ्या उडाल्या. पूनम बसून होती. स्टेजवरून सपना पुन्हापुन्हा आमच्याकडेच बघत होती. बाबा पाव्हण्यांना पाणी देत होते, पण त्यांचीही एक नजर इकडेच.

इतक्यात बाहेर पोरांनी फटाक्यांची लड लावली. ती आमच्या एकाही सरावात नव्हती.

पूनम किंचाळली, खुर्च्यांखाली शिरली आणि जमिनीवर डोकं आपटायला लागली. लोक उठून उभे राहिले. "कोनाची हाय व ही?" कोणीतरी मोठ्याने विचारलं. बाबांच्या हातातला जग तसाच राहिला. मी खुर्च्या सारत पुढे सरकले, पण माझ्याआधी दुसरंच कोणी पोचलं होतं.

नवरदेवाची आई! नवीकोरी साडी, केसांत गजरा, आणि बाई सरळ मातीत बसली. तिने पूनमला हाक मारली नाही. ओढलं नाही. "उगी उगी" केलं नाही. पूनमच्या डोक्याखाली एक तळहात सरकवला, दुसरा हात तिच्या पाठीवर आडवा ठेवून दाबला आणि तसाच दाबून धरला. हे शिकायला आम्हाला सहा महिने लागले होते.

चार-पाच मिनिटांनी पूनमचा श्वास खाली आला.

सपना हारासकट स्टेजवरून उतरून आली होती. सासूला म्हणाली, "मामी, ही माही बहीण. पूनम."

बाबा हात जोडून उभे होते. "सांगाले पायजे होतं जी. नाई सांगितलं. चुकलं."

"राहू द्या जी," ती बाई पूनमच्या पाठीवरचा हात न काढता म्हणाली. "सगळेच कुठी सांगतात."

पंगतीत ती माझ्या बाजूला येऊन बसली. "पोरगी कुठी राह्यते?"

"आमच्या शाळेत. चंद्रपूरलाच."

"चंद्रपुरातच? कोन्या बाजूले?"

मी पत्ता सांगितला.

"कितव्या वर्षापोत घेता तुमी?"

"अठरापर्यंत. पण मोठ्यांसाठी दुपारचा वर्ग असतो. कागदी पिशव्या करतात, मेणबत्त्या करतात."

तिने मान हलवली आणि ताट संपवलं. वरात त्याच संध्याकाळी चंद्रपूरला निघाली.

सोमवारी सकाळी मी शाळेचं फाटक उघडायला गेले तेव्हा बाहेर एक ऑटो उभा होता. नवरदेवाची आई उतरली आणि आत हात देऊन तिने तीस-बत्तीस वर्षांच्या एका माणसाला उतरवलं. त्याने तिचा पदर मुठीत घट्ट धरला होता. "हा माहा मोठा पोरगा," ती म्हणाली.